हीबर कीपिंगची खोटी खूण

हीबर कीपिंग खोटं बोलायचा नाही. दुकानात नाही, चर्चमध्ये नाही, आणि बायकोशी, ड्रुसीशी, तर नाहीच. कारण त्याचे कान लाल व्हायचे आणि ड्रुसीला ते चुलीपासून दिसायचे. एकाच बाबतीत तो बेधडक खोटं बोलायचा, कान जराही लाल न होता. मासळी कुठे लागते, या बाबतीत. हे खोटं त्याला बापाने शिकवलं होतं.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या रॅगेड कोव्हमध्ये मासळी म्हणजे कॉड. बाकीच्यांना आपापली नावं आहेत, पण मासळी म्हणावं तर ती कॉडच. आता समुद्रावर काही पाटी ठोकता येत नाही. म्हणून होडीतून मागे किनाऱ्याकडे बघायचं, अमक्या घराचं छप्पर तमक्या खडकाच्या बरोबर डोक्यावर आणायचं, ही एक रेघ. मग बाजूला बघून डोंगराची एखादी खाच एखाद्या बेटाच्या टोकाशी जुळवायची, ही दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे गळ टाकायचा. याला खूण म्हणतात, आणि खूण घराण्यात राहते. दुसरी होडी दिसली की गळ गुंडाळायचा, उगाच लांब जाऊन बसायचं आणि काही लागत नाही म्हणून तोंड पाडायचं.

हीबर अकरा वर्षांचा असताना बाप त्याला होडीत घालून ‘पाळणा’ नावाच्या घराण्याच्या खुणेवर घेऊन गेला. मे महिन्यात तिथे मासळी इतक्या गर्दीने जमायची की वर ओढलेल्या मादीच्या पोटातून गाभोळी होडीतच सांडायची. बाप म्हणाला, “धड बघून घे. पुन्हा दाखवणार नाही. आणि कुणी विचारलं तर एक रेघ खरी सांगायची, दुसरी खोटी. पाद्र्याने विचारलं तरी.”

शेजारचा मॅक्स स्ट्रिकलंड चाळीस वर्षं पाळणा शोधत होता. दुर्बीण घेऊन आवारात बसायचा आणि बायकोला सांगायचा, पक्षी बघतोय. रस्त्यात भेटला की विचारायचा, “काय हीबऱ्या, पाळणा हलतोय का?”

“हलतोय. तुला झोपवायचंय?” हीबर म्हणायचा. दोघांचं बोलणं साधारण एवढंच.

मग त्र्याण्णव साली कॉडवर बंदी आली. होड्या पालथ्या पडल्या, अर्धं गाव पश्चिमेकडे कामाला निघून गेलं. हीबर राहिला. उन्हाळ्यात घरच्या जेवणापुरती मासळी धरायला ठरावीक दिवस परवानगी असते. तेवढ्यात तो पाळण्यावर जाऊन यायचा. पण मे महिन्यात कधीच नाही. “बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरतं?” म्हणायचा.

तो चौऱ्याहत्तरचा झाला त्या वर्षी नोएला पेल्टिए नावाची विद्यार्थिनी ओंटारियोहून आली. विद्यापीठाची मोठी पदवी करत होती. म्हाताऱ्या कोळ्यांना समुद्राच्या तळाचं काय ठाऊक आहे आणि गावालगतच्या समुद्राचा निर्णय घेताना त्यांना कुणी विचारतं का, हा तिचा विषय. दोन वर्षं येत-जात राहिली. ड्रुसीच्या टेबलाशी बसून काकवी लावलेले टोटन, म्हणजे तळलेल्या कणकेचे पाव, हाणायची, जाळं इतकं वाईट विणायची की हीबर तिच्या पाठीमागे उसवून ठेवायचा. गावाचा जीव जडला तिच्यावर. एके दिवशी तिने नकाशा पसरला आणि विचारलं, “काका, पाळणा नक्की कुठे?”

हीबरने विचारसुद्धा केला नाही. हाताने सवयीने बोट टेकवलं. खऱ्या जागेच्या दीड मैल पश्चिमेला. असेच तिने चौदा म्हाताऱ्यांकडून ठिपके घेतले.

पुढच्या मे महिन्यात एका कंपनीने आमच्या खाडीत सामन मासे पाळायचे पिंजरे टाकायची परवानगी मागितली. सुनावणी गावच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. त्या दिवशी सकाळी नोएला धावतच आली, अंगातलं जाकीटही न काढता.

“काका, जिंकलो आपण! कंपनीने माझा नकाशा मानला. तुमच्या पाळण्यावर येणारे पिंजरे त्यांनी स्वतःहून सरकवले. हे बघा!”

तिने नवा नकाशा टेबलावर टाकला. लाल चौकोन पूर्वेला आला होता. हीबरने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. चौकोन बरोबर पाळण्यावर बसला होता.

“काका, आनंद नाही झाला?”

“झाला ना, पोरी,” हीबर म्हणाला.

ती गेल्यावर ड्रुसीने पंचा ठेवला. “कान बघ तुझे. किती खोटं सांगितलंस तिला?”

“दीड मैल.”

“अरे देवा. मग जाऊन खरं सांग.”

“सांगू? एकाने खोटं सांगितलं म्हटल्यावर कंपनीवाला अख्खा नकाशा चुलीत घालील. पोरीची दोन वर्षं गेली. आणि तो मॅक्स्या पहिल्या रांगेत बसलेला असणार, कान टवकारून.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

वर हजारो सामन कोंडलेले. त्यांची घाण, उरलेलं खाद्य, औषधं, सगळं खाली बसणार. खाली गाभोळीने भरलेली मासळी. घड्याळात साडेदहा वाजले होते. दोन वाजेपर्यंत तो चार वेळा वखारीत गेला आणि चारही वेळा कशासाठी आलो ते विसरला.

हॉल भरला होता. सुनावणीच्या प्रमुख व्हेलनबाई मधोमध, एका बाजूला कंपनीचे लँगडनसाहेब, दुसऱ्या बाजूला नोएला. ती उभी राहून बोलत होती. “हा नकाशा माझा नाही, या लोकांचा आहे. हीबरकाकांसारख्या माणसांनी विश्वासाने दिलेला.” हीबरने टोपी इतकी पिळली की तिची कड उसवली.

“नव्या जागेला कुणाची हरकत?” बाईंनी विचारलं. कुणी हललं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

हीबर उठला.

“बाई, लिहू नका. मी खोटं सांगितलंय. पाळणा तिथे नाही. तुमच्या लाल चौकोनाखाली आहे.”

नोएलाचा चेहरा पांढरा पडला. लँगडनसाहेब हळूच हसले. “म्हणजे आम्ही सरकलो की पाळणाही सरकतो! महाशय, काल खोटं बोललात, मग आज खरं कशावरून? दुसऱ्या कुणाला माहीत आहे ही जागा?”

“कुणालाच नाही. बाप गेला माझा.”

“मग हा एका माणसाचा शब्द झाला. तोही कबूल केलेल्या खोटारड्याचा.”

बाईंनी हीबरकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत कीव होती, पण पेन अजून हातातच होतं. एवढं मोठं गुपित आयुष्यभर सांभाळलं, तेच आता गळ्याशी आलं होतं.

पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. मॅक्स उभा राहिला.

“मला माहीत आहे.”

“तुला?” हीबर ओरडला. “तुला काय माहीत, गाढवा?”

“पाळणा. एक्याऐंशी सालापासून.”

“कसा?”

“तू रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचास ना, डोळे मिटून? मी पाण्यावर असायचो. अकरा रविवार लागले.”

“आणि रस्त्यात रोज विचारायचास ते?”

“तुझं तोंड बघायला मजा यायची, म्हणून.”

लँगडनसाहेब म्हणाले, हे तर शेजारी, दोघांनी संगनमत केलं असेल. तेव्हा मात्र हॉलमध्ये खसखस पिकली. या दोघांनी संगनमत केलं असतं तर गावाने सुट्टी घेतली असती. व्हेलनबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन कागद मागवले, दोघांना हॉलच्या दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसवलं. “दोन्ही रेघा लिहा. खऱ्या.”

हीबरने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. ती खूण त्याने कधी कागदावर पाहिली नव्हती. आणि मनात भीती ही की मॅक्स्याला खरंच ठाऊक आहे, की त्यालाही कुणी दीड मैल फसवलंय?

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग समुद्राचा तक्ता पसरला, पट्टी ठेवली, एक रेघ ओढली. दुसरी ओढली. दुसऱ्या कागदावरच्या रेघा ओढायला त्यांनी पुन्हा पट्टी ठेवली, आणि पेन्सिल आधीच्याच रेघांवरून फिरली.

“एकच जागा,” त्या म्हणाल्या. “चौकोनाच्या आत. नोंदीसाठी मोठ्याने वाचू?”

“नको!” दोघं एकदम किंचाळले.

बाईंनी कागद घडी करून लिफाफ्यात घातले. मग चष्म्यावरून हॉलकडे बघितलं. “आणखी कुणी या मुलीला खोटी खूण दिली आहे?”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मग एक हात वर गेला. मग तीन. शेवटी चौदांपैकी अकरा हात वर होते. मॅक्सचाही त्यात होता. नोएलाने तोंडावर हात धरला. रडते की हसते ते कळेना. बहुतेक दोन्ही.

परवानगी त्या दिवशी थांबली. नवा नकाशा होईपर्यंत चौकोन पाण्यात उतरणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. नोएलाची पदवी वर्षभर लांबली. हीबर माफी मागायला गेला तर ती म्हणाली, “काका, तुम्ही सगळे खोटं का बोललात, हेच आता माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे. बसा, सांगा.” त्या उन्हाळ्यात तिने एकेकाबरोबर होडीत बसून खऱ्या खुणा घेतल्या, आणि वचन दिल्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकात ठिपक्यांऐवजी मोठाले गोल काढले. सुनावणीला ठिपके, जगाला गोल.

जुलैतल्या परवानगीच्या पहिल्या दिवशी हीबर पाळण्यावर गेला. गळ सोडून बसला आणि लांबून एक होडी येताना दिसली. मॅक्सची. हीबरचे हात आपोआप चालू लागले, गळ अर्धा गुंडाळून झाला. मग त्याचं त्यालाच लक्षात आलं.

“अरे हीबऱ्या,” मॅक्स ओरडला, “काही लागतंय का?”

“काही नाही!” हीबर ओरडला, आणि गळ पुन्हा खाली सोडला.