पुढचे सोफे

दुबईत अल कुसैसच्या टायपिंग सेंटरमधले एक गृहस्थ कामगारांच्या तक्रारींचे अर्ज भरतात आणि सही घेण्याआधी प्रत्येक ओळ हिंदीत मोठ्यांदा वाचून दाखवतात. "तुम्हारी ही बात है ना?" समोरच्यानं मान हलवली की, "खलास!"

आमच्या मराठी मंडळानं कामगारांच्या हक्कांवर कार्यक्रम ठेवला आणि या गृहस्थांनाही बोलावलं. प्रायोजकांशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, म्हणून पुढच्या सोफ्यांवर 'राखीव' चिठ्ठ्या होत्या आणि कामगार मागे भिंतीला टेकून उभे. गृहस्थांनी शांतपणे सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि केनियाच्या वॉचमनला, नेपाळी सुतारांना हाताला धरून सोफ्यांवर बसवलं.

"अहो, पाहुणे येतायत!" मी धावत गेलो.

"आलेत की," म्हणत त्यांनी चिठ्ठ्या माझ्या हातात ठेवल्या.

अक्षर माझंच होतं.