चंद्र माझा, म्हैस अक्काची

माझं पहिलं लेखन निळ्या आंतरदेशीय पत्रावर झालं आणि त्याखाली नाव दुसऱ्याच बाईचं होतं. तेव्हा मी सातवीत होते. लेखिका म्हणून आज माझा जो काही थोडाफार तोरा आहे, त्याची सुरुवात तिथली.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारची अक्का. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, कानडी मुलखाला लागून, म्हणून सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. नवरा, म्हणजे आमचे काका, फौजेत, दारात म्हैस आणि अक्षरओळख शून्य. महिन्यातून एकदा ती मला पत्र लिहायला बोलवायची आणि धार काढता काढता मजकूर सांगायची, "लिव. म्हस व्याल्या. रेडी झाल्या. वरचा पत्रा गळतोय. तुमी बरं हाय न्हवं? बास."

पत्रात जागा भरपूर आणि अक्काचा मजकूर चार ओळींत खलास. ती कोरी जागा मला बघवायची नाही. त्या दिवसांत वाचनालयातल्या कादंबऱ्यांनी माझं डोकं ठासून भरलेलं होतं. मग मी वरती सुरुवात करायचे, "प्राणनाथ, आपल्या विरहात चंद्रही मज अग्नीसम भासतो." विरह पोटभर झाला की खाली म्हैस.

"वाच बघू," अक्का म्हणायची. मी फक्त तिच्या चार ओळी वाचून दाखवायचे, बाकीच्यावरून नुसते डोळे फिरवायचे. "ब्येस," म्हणून ती पेलाभर धारोष्ण दूध पुढं करायची. काका रजेवर आले की ही आपल्याच लेखणीची करामत, अशी माझी खात्री असायची.

पुढं मी टायपिंगच्या क्लासला गेले आणि करंगळी सुजेपर्यंत यंत्र बडवलं. मग संगणक आला. त्यात एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की नुसते चौकोन दिसायचे. आता फोनशी बोललं की तोच लिहितो, फक्त माझं कोल्हापुरी बोलणं पुण्याच्या शाळेत घालून परत आणतो. एवढं सगळं बदललं, पण माझी भीती जुनीच राहिली. अक्काला वाचता येत नाही तोवर आपण वाचलो, असं मी मनाशी म्हणायचे. तिनं विश्वासानं मला लिहायला बसवलं आणि मी तिच्या तोंडी भलतंच घातलं, हे तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही असं वाटायचं. आणि अक्का मला फार हवी होती.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले. अक्का वाटाणे सोलत बसली होती. काका सोफ्यावर मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. पेन्शनीत येऊन त्यांना जमाना झाला, आता डोळेही अधू झालेत. पण फोन कागदावर धरला की तो मजकूर मोठ्यानं वाचतो, ही विद्या त्यांनी फौजी शिस्तीत शिकून घेतली होती.

"बस की," ते मला म्हणाले. "तुजंच अक्षर हाय हे."

पेटीत निळी पत्रं होती. विषय बदलावा म्हणून मी चहा मागितला, पण काकांनी फोन धरलासुद्धा. फोनमधल्या बाईनं एकाच सुरात वाचायला सुरुवात केली, "प्राणनाथ आपल्या विरहात चंद्रही मज अग्नीसम भासतो अश्रूंनी उशी भिजली म्हस व्याल्या रेडी झाल्या."

अक्काचे हात थांबले. "ह्यातलं मी काय सांगितलं हुतं?"

"म्हैस," मी म्हणाले. "आणि रेडी."

"आणि चंद्र?"

"तो माझा."

तिनं हातातली शेंग ताटात टाकली. "तू वाचून दावत हुतीस की गं मला. तवा कुठं हुता चंद्र?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. माफी मागायची तीही नीट जमेना. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं आणि तेव्हा एक सापडला नाही.

तेवढ्यात काका हसायला लागले. "अगं, मला पैल्याच पत्रात कळलं हुतं. ही आन् प्राणनाथ म्हणंल? मी चंद्र सोडून सरळ खाली यायचो, म्हस कुठं हाय बघत. म्हस आली की वाटायचं, आता ही बोलाय लागली." त्यांनी पत्र माझ्यापुढं धरलं. रेडी, गळका पत्रा, 'तुमी बरं हाय न्हवं', सगळ्याखाली लाल पेन्सिलीची रेघ. मी पेटीतली सगळी पत्रं उलटून पाहिली. माझ्या एकाही वाक्याखाली रेघ नव्हती.

अक्कानं माझ्यासमोर वाटाण्यांचं ताट सरकवलं. म्हणजे सोल. मी मुकाट्यानं सोलायला घेतले.

जरा वेळानं तिनं काकांचा फोन उचलला. नात पुण्यात शिकायला आहे, तिला निरोप द्यायचा होता. "वाटाणं आल्यात. खोलीतला पंखा लागतोय का न्हाय? जेवत जा." फोननं ते लिहिलं आणि खाली विचारलं, अधिक सुंदर करू का? अक्काचं बोट चुकून तिथंच पडलं. मजकूर लगेच वाढला, "लाडक्या बाळा, तुझ्या आठवणींचा सुगंध घरभर दरवळतो आहे..." हे तर माझं सातवीतलं लेखन. उद्या ही यंत्रं न बोलता मनातलंच लिहितील म्हणतात. लिहू देत, पण त्यांनाही कोरी जागा बघवत नाही असं दिसतंय.

"काय लिवलंय त्यानं?" अक्कानं फोन माझ्याकडे दिला. "वाच बघू."

मी वाचलं. सुगंध, दरवळ, सगळं, एकही शब्द न गाळता. वाटाणे अगदी शेवटी आले.

"समदं वाचलंस न्हवं?"

"समदं."

"मग त्येचं काढून टाक. माझं हाय तसं धाड."

मी तिचा मजकूर परत आणला, तोही पुन्हा एकदा वाचून दाखवला आणि पाठवला.