सुभेदारमामांचा नऊचा आकडा

सुभेदारमामांना कुणी "तब्येत काय म्हणते?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत, मग त्याच्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते बघत, आणि मग सावकाश म्हणत, "कशापायी इचारतुयास?" विचारणारा बिचारा ओशाळून निघून जाई. हे माझे सख्खे मामा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि वडूजजवळच्या गावी घरी येऊन राहिले. दूधवाला लागोपाठ दोनदा हसला, तर तिसऱ्या वेळी दूध तापेपर्यंत मामा पातेल्यापाशी उभे राहत. हा संशय माझ्यातही उतरलाय. आईकडून आला, म्हणजे त्यांच्याच घराण्यातला.

मामी गेली आणि मामांचा संशयसुद्धा थकला. दारात कोण आलंय हे बघायलाही ते उठेनात. ताटातली भाकरी तशीच राहू लागली. मी त्यांना साताऱ्याला माझ्याकडे घेऊन आले. मी इथे शाळेत शिकवते. नवरा फौजेत, कायम लांब कुठेतरी सीमेवर. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला गोड. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "सुभेदारसाहेब, रोज संध्याकाळी आपल्या मनाला शून्य ते दहातले गुण द्यायचे. शून्य म्हणजे अगदी सोसवत नाही, दहा म्हणजे मजेत. त्यावरून मला औषध कमी-जास्त करता येईल."

"ह्ये आकडं म्होरं कुनाकडं जात्यात?" मामांनी विचारलं.

"कुठेच नाही. माझ्याकडेच राहतात."

मामांनी मान हलवली. एका शब्दावरही विश्वास नसला, की ते अशी मान हलवत.

त्या संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाले, "नऊ." दुसऱ्या दिवशीही नऊ. पुढेही नऊच. चेहरा मात्र शून्याच्या आसपासचा. शेवटी मी चिडून म्हटलं, "मग दहाच का नाही सांगत?"

"दहा म्हटलं की तपासनी लागती," मामा शांतपणे म्हणाले. "नऊ कुनाच्या डोळ्यावर येत न्हाई."

ही सगळी फौजेची शिकवण. तिथे डॉक्टरांनी कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची प्रत, खाली आणली, की बढती अडते आणि माणसाला आपल्या पलटणीतून हलवतात. म्हणून डॉक्टर समोर आले, की छाती फुगवायची आणि 'फिट हाय सर' म्हणायचं. मामांनी आपला गुडघा असाच वर्षानुवर्षं लपवला आणि लपवत लपवत सुभेदार झाले. आता साताऱ्यातल्या या गोड बाईही त्यांना त्यातल्याच वाटत. आकडा खाली गेला, की आपल्याला कुठल्या तरी इस्पितळात टाकतील आणि गावाकडचं घर पुन्हा दिसणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

मग मीही हेरगिरी सुरू केली. त्यांच्या कॉटवर मुद्दाम चादर उलटी घातली. उलटी चादर दिसली आणि सरळ केली नाही, असं मामांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. सकाळी पाहिलं, तर चादर तशीच उलटी आणि ताठ. कॉटकडे ते फिरकलेच नव्हते. खुर्चीत बसून राहिले होते. आणि दुपारची भाकरी गल्लीतलं कुत्रं खाऊन चांगलं गुबगुबीत झालं होतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे मी हे सगळं सांगून टाकलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शत्रूला वाट दाखवली. "सुभेदारसाहेब, खरं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "नऊ," मामा म्हणाले. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, गोळी तेवढीच ठेवली आणि लवकर परत या म्हणाल्या. घरी येताना मामा माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आले, तर दाराला बाहेरून कडी. मामा नाहीत आणि त्यांच्या चपला मात्र उंबऱ्यापाशीच. नको तो विचार मनात आला. शेजारपाजारी विचारत, धावत-पळत स्टँडवर गेले, तर वडूजची गाडी लागते तिथल्या बाकावर मामा अनवाणी बसलेले. गाडी नुकतीच सुटून गेली होती.

"घरी निघालो हुतो," ते म्हणाले. "चढाया पायच उचलंना."

मी शेजारी बसले. आकडा विचारला नाही; विचारला असता तर नऊच आला असता. मग तेच म्हणाले, "नंदा, फौजेत दोघांची जोडी असती. बडी म्हनत्यात. जवान सोताचं दुखनं सांगत न्हाई. त्येच्या पायाला फोड आला तर म्या सांगायचं, माझ्या आला तर त्यानं. आपलं आपन कसं सांगायचं गं?"

"आणि फौजेतून आल्यावर कोण सांगायचं?"

"तुझी मामी," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी त्यांचा हात धरला. "मग आता मी सांगते. तुमचे आज दोन."

मामांनी टॉवेलने डोळे पुसले. "दोन कुठलं? एक," ते म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "आन् तुझं चार. भांडी घासताना गानी म्हनायची, ती कवाच सोडलीयास. सगळ्यांस्नी मातूर बरी हाय म्हून सांगतीस."

इतक्या दिवसांत मला कुणी हटकलं नव्हतं.

डॉक्टरांना आमची ही जोडी फार आवडली. मी मामांचा आकडा सांगायचा, त्यांनी त्यावर भांडायचं आणि भांडणातून जो निघेल तो खरा. डॉक्टरांनी औषध वाढवलं. मामा कासवाच्या चालीने वर चढले. एका सकाळी दारातून त्यांचा आवाज आला, "आज लय हसतुयास गड्या, दुधात काय घातलंयस?" आणि मी देवापुढे साखर ठेवली.

पुढे ते गावी परतले. रोज संध्याकाळी फोन यायचा. मी 'हॅलो' म्हणायचा अवकाश, की पलीकडून निकाल, "आज पाच. कोन काय बोललं?" मी नाही म्हटलं, तर विश्वास ठेवत नसत. मग सांगावंच लागे. सांगून झालं, की हलकं वाटे. एखाद्याचा संशय इतका ऊबदार असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं.

गेल्या हिवाळ्यात सकाळचा चहा पिऊन मामा खुर्चीतच गेले. हृदय थांबलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दहाव्याला घर भरलं होतं. पाहुणे, शेजारी, मामांच्या पलटणीतली म्हातारी माणसं, जो तो जवळ येऊन विचारत होता, "नंदा, बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हणाले.

सगळ्यांनी ते खरं मानलं.