दुप्पट कापडाचा फलक

पडदेवाल्या मावशींना सपाट कापड शिवायला सांगावं आणि त्यांनी ते सपाटच शिवावं, असं उभ्या जन्मात घडलं नव्हतं. चुणी नाही तर ती चादर, पडदा नव्हे, हा त्यांचा कायदा. खिडकीच्या दुप्पट कापड घ्यायचं, तीन-तीन पदरांच्या चुण्या पाडायच्या, वर नवऱ्याने अशी कडक इस्त्री फिरवायची की धुतलं तरी घडी मोडू नये. आईने दोघी बहिणींना हेच शिकवलं होतं.

धाकटी बहीण लग्न होऊन परदेशी गेलेली. तिथल्या सरकारने चौकात जमलेल्या पोरांवर गोळ्या झाडल्या, उरलेल्यांना गाडीत कोंबून नेलं. त्यात मावशींचा भाचा. फोन बंद, बहिणीची खबर नाही. मावशींच्या घशाखाली घास उतरेना, आणि नवरा आपला सांगतोय, आपण बरं की आपलं दुकान बरं. दुकान काय चाटायचंय?

त्या देशाच्या वकिलातीसमोर काही मंडळी निदर्शनं करणार होती. त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी दुकानात आली, म्हणाली, वकिलातीच्या फाटकाएवढा फलक हवाय. मावशींनी सवयीने दुप्पट कापड फाडून दिलं. मुलीला वाटलं, बाई दिलदार आहे. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘आमची मुलं परत द्या’ असं रंगवलं आणि काठ शिवायला परत आणलं. मावशी डोळे पुसत मशीनवर बसल्या. मन होतं भाच्यापाशी, हातांनी आपलं नेहमीचं काम केलं; नवऱ्यानेही सवयीने इस्त्री फिरवून घडी घातली.

वकिलातीसमोर घडी उलगडली आणि फाटकावर झकास पडदा लागला. अक्षरं सगळी चुण्यांच्या पोटात गडप. पहाऱ्यावरच्या पोलिसाने चौकशी केली की बैठकीच्या खोलीसाठी असेच शिवून मिळतील का. चष्मेवालीचं तोंड एवढंसं झालं.

मावशींचा पारा चढला, तोही स्वतःवरच. ज्यांची चुणी आजवर कुणी उसवली नव्हती, त्या मावशी पिशवीतली कात्री काढून भर रस्त्यात टाके कापत सुटल्या. चुण्या सुटतील तसा फलक वाढतच गेला. फाटक संपलं, भिंत संपली. धरायला माणसं पुरेनात, तेव्हा व्हिसाच्या रांगेतले लोक आले, समोरचा न्हावी गिऱ्हाईक तसंच सोडून आला. शेवटचं टोक लोंबत होतं, ते मावशींच्या नवऱ्याने उचललं. शहाणा दुकान बंद करून कधीचा कोपऱ्यावर उभा होता. कापड मळतंय, एवढंच पुटपुटला.

फोटो निघाले, कुठून कुठे गेले. तिकडचे फोन सुरू झाले तसा एके दुपारी बहिणीचा फोन आला. आवाज पार बसलेला.

“ताई, फोटोत चेहरे दिसत नाहीत गं. पण कापडावर घड्यांचे वळ आहेत, तीन-तीनचे. तूच ना?”

मावशी हो म्हणाल्या आणि आधी पोराचं विचारलं. पोराचा पत्ता अजून लागला नव्हता, बहीण रोज तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभी राहत होती.

“इथे आम्हाला सांगतात, तुमच्या पोरांचं कुणाला काही पडलेलं नाही. मी तो फोटो बाकीच्या आयांना दाखवला. म्हटलं, ही माझी बहीण.”

फोन ठेवून मावशी बराच वेळ रडल्या. मग नाक पुसून नवऱ्याला म्हणाल्या, नवा फलक करायचाय, आधी चुण्या पाडून कडक इस्त्री मार, मग सगळ्या उसवू. त्याने लगेच इस्त्री तापायला ठेवली.