अकराशे मैलांवरचा टेकू

२५ सप्टेंबर १९८५. रक्कम अडतीस डॉलर. हजर: मी, आमचा नेपरव्हिलचा शेजारी वॉल्टर आणि आमची सौ. एवढ्या पैशांत वॉल्टरनं बंदुकीच्या नळीखाली लावायची दोन पायांची, घडीची घोडी घेतली. मी जन्मात बंदूक धरलेली नाही. त्याच्या शिकारीच्या प्रवासात आळीपाळीनं गाडी चालवायला मी. सौ. म्हणाली, "अहो, घरात उंदीर दिसला की खुर्चीवर चढता, आणि निघालात शिकारीला?"

वॉल्टर मात्र गंभीर होता. गेल्या वर्षी त्याची गोळी एका प्राँगहॉर्नच्या (हरणासारख्या चपळ प्राण्याच्या) पोटात लागली आणि दोन दिवस शोधूनही तो सापडला नाही. साठीनंतर वॉल्टरचा हात किंचित हलतो. यंदा नेम स्थिर बसला नाही, तर बंदूक विकायची असं त्यानं ठरवलं होतं.

दोन दिवसांत अकराशे चाळीस मैल तोडून वायोमिंग गाठलं. सौ.चे धपाटे वॉल्टरनं हॅम (डुकराचं मांस) गुंडाळून संपवले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

सकाळी माळावर पोचलो तर सगळीकडे सेजब्रश (करडी, उग्र वासाची झुडपं), गुडघ्याएवढं. घोडीची उंची नऊ इंच. वॉल्टर पालथा पडला, तर समोर नुसता पाला.

मी माझा उपाय बाहेर काढला: दोन गोल काठ्या, वरच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबनं बांधलेल्या. वॉल्टरला आमच्या दिवाणखान्यात बसवून, टेपनं मोजून कापलेल्या. काठ्यांची कैची करून बंदूक ठेवली, तर सपाटीवर झकास बसली. मी जरा फुशारलोच.

दुपारी कळप दिसला तो घळीपलीकडे, आणि आम्ही तीव्र उतारावर. एक काठी चार इंच लांब पडू लागली. गालिच्यावर उतार नसतो, हे मोजताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खिशातल्या चाकूनं जमीन उकरून तिचा पाय खाली घातला. पुढचं टोक स्थिरावलं, पण बसलेला वॉल्टर मागून डुलत होता. टेकायला ना झाड, ना दगड. मग मीच त्याच्या मागे चढाकडे तोंड करून बसलो, पाठीला पाठ, कानांत कापूस.

"श्वास रोखू नकोस, बारीक घे," तो म्हणाला. "हललो तर मी मारणार नाही."

मी मनात एकशे चाळीसपर्यंत मोजलं. एकच आवाज झाला. प्राणी जागच्या जागी पडला होता. वॉल्टरनं आधी बंदूक रिकामी केली, मग तो बराच वेळ तसाच माझ्या पाठीला टेकून बसला. मीही हललो नाही.

परतीच्या वाटेवर त्यानं पुढच्या वर्षीच्या परवान्याची चौकशी केली. टेकू जमीन बघून निवडावा, एवढं मी शिकलो. शिकार कापून देणाऱ्या खाटकाला वॉल्टरनं बेचाळीस डॉलर दिले. नेपरव्हिलच्या औषधवाल्याला मी दोन डॉलर एकोणनव्वद सेंट दिले, पाठीला चोळायच्या मलमाचे.