पडदे ओढलेले दोन दिवस

१० मार्च. पडदे धुवायला काढले आणि काही वर्षांपूर्वीचे ते दोन दिवस आठवले. उसात राबून माझ्या गालांवर उन्हाचे खरबरीत डाग पडले होते. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मलम लावलं आणि नंतर लाल दिव्याखाली बसवलं. तोंड भाजल्यासारखं झालं. "दोन दिवस खिडकीतलंसुद्धा ऊन नको," त्या म्हणाल्या. घरात मी एकटीच. दार लावून, पडदे ओढून बसले. भिंतीपलीकडे शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, पण मला कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर तीच म्हणाली, "आवं काकी, कवा आलासा? मला वाटलं, लेकीकडं गेलायसा." "घरातच होते," मी म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी घराची जास्तीची किल्ली तिच्या हातात देऊन आले.