साडेपंधरा फाकांचा घुमट

संगणकावर काढलेला माझा पहिला घुमट बोराएवढा आला. म्हणजे काढला होता बारा फुटांचा, पण फुटांच्या जागी मी इंच समजून बसलो. नकाशे काढणाऱ्या आमच्या प्लॉटर यंत्राने टेबलाएवढ्या कागदाच्या मधोमध एक ठिपका काढला आणि पेन खाली ठेवलं. सगळं ऑफिस गोळा झालं. बाऊजींनी तो कागद उचलला, दोन्ही हात लांब करून डोळे बारीक केले आणि शांतपणे म्हणाले, "दूर का गुंबद है जी. चलते रहो, पास आ जाएगा."

बाऊजी आमच्या चंदीगढच्या ऑफिसातले वयाने सर्वांत मोठे ड्राफ्ट्समन. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे नकाशे तपासायला येत. पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, कानामागे पेन्सिल. खोडलेल्या रेघेवर ते 'फू' करून फुंकर मारत. संगणक आला तेव्हा त्याच्या काचेवरही मारत. संगणकाच्या खोलीत जाताना आम्ही सगळे चपला बाहेर काढायचो, कारण यंत्राला धूळ चालत नाही असं साहेबांनी बजावलं होतं. बाऊजी जुत्या काढून आत यायचे आणि पडद्यापुढे हात जोडायचे. थट्टेत की खरंच, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मी मूळचा साताऱ्याचा, पण त्यांच्या लेखी मी 'बंबईवाले जी'. मुंबईत मी उभ्या आयुष्यात चार दिवस राहिलोय, हे त्यांना तीनदा सांगून पाहिलं. "एक ही बात है जी," म्हणाले.

पंजाबातले ते दिवस वाईट होते, दहशतीचे. बाऊजी जवळच्या खरड गावाहून बसने यायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे. त्यांच्या खांद्यावर नेहमी कापडात गुंडाळलेलं नकाशांचं लांब भेंडोळं असायचं. प्रत्येक नाक्यावर शिपाई त्यांना बसमधून उतरवायचे, कारण लांबून ते भेंडोळं बंदुकीसारखं दिसे. बाऊजी रस्त्याकडेला कागद पसरून शिपायांना जिना कुठे, न्हाणीघर कुठे ते समजावायचे. "एक हवलदार तो अब नक्शा पढ़ लेता है," हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो. त्या वर्षांत कशाकशाला हसत होतो आम्ही!

तर तो घुमट. सरहद्दीकडच्या बाऊजींच्या मूळ गावातल्या गुरुद्वाऱ्याचा घुमट तडकला होता. उतरवून नवा बांधायचा होता, आणि नकाशा बाऊजींनीच द्यावा असं गावाने ठरवलं होतं. जुना घुमट त्यांच्या वडिलांनी बांधलेला. वडील गवंडी. घुमटाला सोललेल्या किन्नू संत्र्यासारख्या उभ्या, फुगीर फाका होत्या. सोळा करायच्या होत्या. पण वडिलांनी सगळं दोरीने आणि नजरेने मापलं. पंधरा फाका झाल्यावर सोळावीला जागा उरली निम्मी. तेवढ्यात बसवली. तेव्हापासून मरेपर्यंत गावात त्यांचं नाव 'साढ़े पंद्रह'.

"शादी में, मातम में, हर जगह. लो जी, साढ़े पंद्रह आ गए," बाऊजी म्हणाले. "बापू ने फिर कभी गुंबद नहीं बनाया."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं संगणकापुढे बसू लागलो. एका फाकेचा बाक काढायला मला आठ दिवस लागले. खाली पोट, मग मान, वर उलटं कमळ टेकायला जागा. बाऊजी जवळ बसून माझ्या बोटांकडे बघत. "पहली ठीक करो जी. ये मशीन गलती भी सोलह बार करेगी." शेवटी एक फाक त्यांच्या मनासारखी झाली. मी यंत्राला सांगितलं, ही मधल्या बिंदूभोवती सोळा वेळा फिरव. चहा पिऊन आलो तरी ते फिरवतच होतं. मग काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा घुमट उभा राहिला. सोळाच्या सोळा सारख्या.

बाऊजी बराच वेळ बघत राहिले. फुंकरही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता ते माझ्या टेबलाशी आले. "बंबईवाले जी, सोलहवीं फिर से आधी कर दो."

"का? आता तर हिशेब बरोबर जमलाय!" मी हिंदीत म्हणालो.

"शाम को खेत से लौटते थे तो उसी से पता चलता था, घर किस तरफ़ है. पतली वाली हमारी गली की तरफ़ थी." मग म्हणाले, "और बापू का नाम कहीं लिखा तो है नहीं."

शनिवारी ते गावाला निघणार होते. तिकडे गवंडी खोळंबला होता. एक फाक निम्मी करायची म्हणजे उरलेल्या पंधरा किंचित रुंद होणार, सगळं पुन्हा मांडायचं. दोन तासांचं काम. मी म्हणालो, "अंधार व्हायच्या आत घरी पोचायला हवं, बाऊजी. सोमवार को पक्का." खरं कारण सांगू? त्या दिवशी आमच्याकडे मटारच्या करंज्यांचा बेत होता.

"कोई नहीं जी. मंगल को चला जाऊँगा."

सोमवारी बंद होता. ऑफिस उघडलंच नाही. मंगळवारी सकाळी दाट धुक्यात बाऊजी सोळा सारख्या फाकांचाच कागद घेऊन निघाले. पतलीचं गवंड्याला तोंडी सांगू, असा निरोप त्यांनी साहेबांकडे ठेवला होता.

गावच्या फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर ते भेंडोळं होतं. धुक्यात कुणाला ते काय वाटलं, गोळी कुणी झाडली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेपरात दोन ओळी आल्या. त्यांत 'एक वृद्ध ठार' असं होतं.

पंधरा दिवसांनी साहेबांकडे गावाहून निरोप आला. गवंडी स्वतः येतोय. लाकडी फर्मा, म्हणजे साचा, कापायला त्याला फाकेचा पूर्ण मापाचा कागद हवाय. मी बसलो. दोन तासच लागले. पंधरा आणि अर्धी. मापं चार वेळा तपासली, फूट ते फूट, इंच ते इंच. प्लॉटरने पट्ट्यापट्ट्यांनी काढलेली ती अर्धी फाक घरी आणली. खुर्च्या सरकवून बैठकीत जमिनीवर पट्ट्या जोडू लागलो. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट गॅलरीपर्यंत गेली. लेक तिच्यावरून उडी मारून विचारत होती, "पापा, ये क्या है?" मी पुढची पट्टी जोडली.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं, करंज्यांसकट. ती पदर खोचून खाली बसली. कागदावरची सुरकुती तळव्याने सरळ केली, आणि फाकेच्या पोटावर एक वीत ठेवली, तिच्यापुढे दुसरी ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "एवढी काही बारीक नाहीये ही."